राजूरच्या दगडातलं पाणी

दादा, दगडात पाणी असतं का, हा आपला वाद अर्धाच राहिला. तू ताप घेऊन निजलास तेव्हा बोलायची पाळी माझी होती. मी म्हटलं, बरा झालास की ऐकवते. तू काही थांबला नाहीस. तसं वादात हरायची वेळ आली की तू उठून जायचासच, पायांत चपला सरकवत, 'जरा बापूशेठकडे जाऊन येतो' म्हणत. या वेळी चपला दाराशीच आहेत आणि वहिनी त्या कुणाला हलवू देत नाही.

घरी माणसं येतात. प्रार्थना होते, गीतं म्हणतात, आणि निघताना मला सांगतात की शांतवनभाऊंसारखा भाऊ मिळायला भाग्य लागतं. मी मान हलवते. मनात म्हणते, भाग्य लागतं हे खरं, पण सोसायची ताकदही लागते. शाळेत दिवसभर पोरींना पाढे शिकवून घरी यावं, तर हा भाऊ हातात चाळण देऊन म्हणणार, 'मास्तरीणबाई, एवढी पूड वस्त्रगाळ करून द्या.' माझ्या केसांत तेव्हा किती दगड गेला असेल, देव जाणे. न्हाताना मोरी तुंबायची.

आणि लोक हेही विचारतात, की चांगली मास्तरकी सोडून तुमचा भाऊ घरामागच्या शेडमध्ये नेमकं करायचा तरी काय? मी आता एक ठरलेलं उत्तर देते. मुंबईहून राळ येते, जिचं तापवून दाबून बेकेलाइट होतं ती, डब्यातली पिवळसर पूड. तिच्यात काजळी घालायची आणि भर घालायची. मग सगळं तापल्या रुळांमधून काढायचं, थंड झालं की कुटायचं, गरम साच्यात ओतायचं आणि लढाई संपल्यावर लष्कराच्या मोडीतून आणलेल्या त्या हातप्रेसखाली दाबायचं. निघते ती पितळी झाकणावरची काळी मूठ. पोळत नाही, फडकं लागत नाही. इथपर्यंत लोक ऐकून घेतात. 'भर म्हणजे काय?' असं कुणी विचारत नाही. आणि तुझा तर सगळा जीव त्या भरीतच होता.

मलाही आधी कळलं नव्हतं. मला वाटलं, राळ महाग, म्हणून तू दगड मिसळून ती पुरवतोस. रेशनच्या गव्हात खडे निघाले की आपण दुकानदाराला शिव्या घालायचो, ते दिवस ते. मी तुझ्या तोंडावर म्हटलं, 'ही भेसळ आहे. आपल्या बाबांनी उभा जन्म चर्चमध्ये खरं बोलायला शिकवलं, आणि तू राळ सांगून दगड विकतोस.' तू रागावला नाहीस. रागावला असतास तर बरं झालं असतं. तू नुसत्या राळेची एक मूठ दाबून काढलीस आणि माझ्या हातात ठेवलीस. चकचकीत होती. मग तुझी दगड घातलेली दिलीस. ती जरा मंद. दोन्ही चुलीजवळ ठेवायला सांगितलंस. आठवडा गेला नाही तोवर चकचकीत मूठ आकसून तडकली होती आणि मंद होती ती जशीच्या तशी.

'असं का झालं?' मी विचारलं.

'तुला काय वाटतं?' तू म्हणालास.

दादा, या तीन शब्दांनी तू मला किती छळलंस. उत्तर माहीत असलं तरी हेच, माहीत नसलं तरी हेच. माझी शाळेतली हेडबाई, आपल्या मावश्या, चर्चमधल्या बायका, सगळ्या मला सल्ले द्यायच्या. लग्न कर, नको करू, केस बांध, एवढं वाचू नकोस, डोळे जातील. प्रश्न विचारणारा तू एकटा. तेव्हा मी चिडायचे. आता घरात सल्ले भरपूर आहेत आणि प्रश्न एकही नाही, तेव्हा कळतंय तू काय देत होतास ते.

त्या दिवशी मी विचार करून म्हटलं, नुसत्या चुन्याची भिंतही तडकते, वाळू घातली की बसते. तसंच असेल. तुझा चेहरा असा खुलला की काय सांगू. म्हणालास, 'मग वाळू ही चुन्यातली भेसळ का? जे काम न करता नुसतं वजन वाढवतं ते भेसळ, मास्तरीणबाई. जे काम करतं ती भर.' मी म्हटलं, या हिशोबानं आपले काही पाहुणे भेसळच ठरतील. आतून वहिनीचं हसणं ऐकू आलं होतं, आठवतं? ती आपल्या बोलण्यात कधी पडत नसे, पण ऐकायची सगळं.

तेव्हा आपली भर होती चुनखडी. स्वस्त, पांढरीशुभ्र, हाताला मऊ, नगरभोवती हवी तेवढी. लाकडाचा भुसा तू सोडून दिला होतास, कारण भुशाची मूठ वाफेनं फुगायची आणि चुलीजवळ करपल्याचा वास मारायची. चुनखडीची मूठ आपण काय काय तपासली! गच्चीवरून टाकली. उकळत्या पाण्यात घातली. जाळाजवळ धरली. आपला म्हादू, जामखेडकडचा गडी, प्रेसचा दांडा एकट्यानं फिरवणारा, त्यानं हातोडीनं ठोकली आणि निकाल दिला, 'लई चिवट हाय. आमच्या सासऱ्यावानी.' बापूशेठ तांबटांनी आपल्या पितळी झाकणांवर ती बसवली आणि अख्ख्या भांडेबाजारात मिरवली.

मग दसरा आला.

दसऱ्याच्या आधी सगळं नगर भांडी घासतं. पितळ म्हटलं की चिंच आली. दसरा झाला आणि बापूशेठ फडक्यात झाकण बांधून दारात उभे. त्यांनी गाठ सोडली. काळ्या मुठीचा रंग उडून ती पांढुरकी पडली होती आणि अंगभर बारीक खड्डे, देवीच्या वणांसारखे.

'बायका हिला चिंच लावतात हो,' तू म्हणालास. तुझा आवाज मला अजून ऐकू येतो, जगातलं मोठं नवल सांगितल्यासारखा.

'मग काय अत्तर लावतील, शांतवनभाऊ?' बापूशेठ म्हणाले. 'पितळेला चिंच न्हाई लावायची तर कशाला लावायची?'

आग सोसली, हातोडी सोसली, आणि चिंचेनं मारली. वहिनी आणि मी दर शनिवारी मोरीत बसून घरचं पितळ चिंचेनं घासत होतो, तरी चिंच आमच्या डोक्यात आली नाही. तुझ्या तर कुठून येणार, तू जन्मात तांब्या घासला नव्हतास. बापूशेठ म्हणाले, पुढच्या दसऱ्याआधी चिंच सोसणारी मूठ दाखवा, नाहीतर मी पुन्हा आपल्या पितळी कड्या लावतो. ते गेल्यावर मला रडू फुटायच्या बेतात होतं. तू त्या मुठीवर लिंबू पिळलंस आणि कान लावलास. 'इकडे ये,' म्हणालास, 'ऐक, बोलतेय.' मी कान लावला. खरंच बारीक फसफस ऐकू येत होती. धंदा बुडत होता आणि आपण दोघं एका मुठीला कान लावून बसलो होतो. वहिनी दारात येऊन बघून गेली. तिला वाटलं असेल, दोघांनाही एकदमच वेड लागलं.

त्या दिवसापासून तुझ्या खिशात लिंबू. जिथं दगड दिसेल तिथं खरवडायचा, बशीत पूड घ्यायची, लिंबू पिळायचं, कान लावायचा. फसफसला की फेकून द्यायचा. गारगोटी फसफसली नाही म्हणून तू आठवडाभर हवेत होतास. मग तिच्या पुडीनं साच्याचं पोलाद असं खरवडून टाकलं, की मुठी बाहेर निघेनात. म्हादू म्हणाला, 'ही भर न्हाई मालक, ही कानस हाय.' मग वैद्यांच्या दुकानातून साबणासारखं मऊ शंखजिरं आणलंस. ते साच्यातून सुळकन सुटायचं, पण त्याच्या मुठीला नखानंही ओरखडा पडायचा. प्रत्येक वेळी तू म्हणायचास, 'चला, एक गोष्ट कळली.' मी म्हणायचे, अशा कळलेल्या गोष्टींचं लोणचं घाल. कुणाला नाही तर बापूशेठला वाढ.

आणि मग राजूर.

उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून मीही आले. सर्व्हिस मोटारीनं हाडं खिळखिळी केली. राजूरचा बाजार भरलेला, डोंगरातली माणसं हिरडा, मध, काय काय घेऊन बसलेली. एका म्हातारीनं आपल्या गाठोड्याचा पदर वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला होता. काळ्या खडकाचा तुकडा आणि त्याच्या पोटात पांढरी स्फटिकं, पसरलेल्या पंख्यांसारखी, मोत्यासारखी चमक. तू तिच्यापुढं बसलास तो बसलासच. तिला वाटलं हिरडा घेतोयस.

'आजी, हा कुठं मिळतो?'

'कोन, ह्यो? इहीर खंदताना लई निगतो. काय कामाचा न्हाई बाबा.'

'चुना होतो का याचा?'

'न्हाई. आमी भट्टीत घालून बघितला हुता. चुना बी व्हत न्हाई मेल्याचा.'

तू माझ्याकडं वळलास तेव्हा तुझे डोळे पाहण्यासारखे होते. ज्याचा चुना होत नाही त्याला लिंबू काही करणार नाही, हे माझ्याही ध्यानात आलं होतं, पण मी मुद्दाम बोलले नाही. तुला सांगायची हौस होती. तू लिंबू काढलंस, तिथंच दगडावर पिळलंस आणि कान लावलास. म्हातारी मागं सरकली. शेजारणीला म्हणाली, 'डोहाळं लागल्यात जनू ह्याला.' मी एवढी हसले की मला ठसका लागला. तू हसला नाहीस, तू ऐकत होतास. मग उठून म्हणालास, 'गप्प आहे. एकदम गप्प.' त्या म्हातारीकडून तू एवढा हिरडा घेतलास की पावसाळाभर घरात सगळ्यांची पोटं साफ. दगडांची दोन पोती मोटारीच्या टपावर चढवताना ड्रायव्हरशी तूच भांडलास, आणि मी तुला पहिल्यांदा कुणाशी तरी भांडताना पाहिलं.

त्या दगडाची पूड मऊ निघाली. साचा खरवडेना. रंग बिघडवेना. सगळं जुळलं म्हणून वहिनीनं शिरा केला. म्हादूनं दांडा फिरवला, साचा उघडला, आणि आतून मूठ निघाली ती अंगभर फोड आलेली. दुसरी काढली, तीही तशीच. पुरीसारखी टम्म फुगलेली. म्हादू म्हणाला, 'मालक, ही तळायची का?'

इथून आपला वाद सुरू झाला.

तू म्हणालास, पावसाळी हवा आहे, पूड सादळली. उन्हात वाळवू. मी म्हटलं, पूड कोरडी आहे, हाताला कोरडी लागते, बोटांतून वाऱ्यासारखी सुटते. सादळलेली पूड अशी सुटते का? हे पाणी दगडाच्या आतलं आहे. तू हसलास. 'दगडात पाणी असतं तर लोक विहिरी कशाला खणतील? एकेक दगड पिळून प्याले नसते?' मी म्हटलं, 'नारळ हाताला कोरडा लागतो, म्हणून आत पाणी नसतं का?' 'नारळ हलवला की वाजतो. तुझा दगड वाजतो का?' झालं. जेवताना हेच, चर्चहून येताना हेच. वहिनी एकदा म्हणाली, दोघांना दगडावरच जेवायला वाढते. ऊन पडलं की तू गच्चीवर पूड पसरायचास, सर आली की धावत आत आणायचास. आणि वाळवलेल्या पुडीच्या मुठींनाही फोड यायचे. मी तुझ्याकडं नुसतं बघायचे. तू म्हणायचास, 'ऊन कमी पडलं.'

मग ताप आला. श्रावणात असा ताप पुष्कळांना येतो, कुणी फार मनावर घेतलं नाही. मीही नाही. त्या दुपारी मी तुझ्या कपाळावर पट्टी बदलत होते. ढगांतून थोडी उन्हं आली होती आणि मी पूड गच्चीवर टाकून आले होते, तुला सांगितलंही होतं. तू डोळे उघडलेस. बाहेर अंधारून येत होतं. म्हणालास, 'पूड आत घे. सादळेल.' मी म्हटलं, हो. मग तू काही बोलला नाहीस.

दादा, नंतर सगळ्यांनी मला विचारलं, शेवटी काय म्हणाले? त्यांना काहीतरी प्रभूचं नाव हवं होतं, वहिनीसाठी काही शब्द हवे होते. मी काय सांगू? मी म्हटलं, शांत होते. वहिनीलाही तेच सांगितलं. भावानं जाताना आपल्याला 'पूड आत घे' म्हणावं, याचा मला रागही आला होता, खोटं का बोलू. एवढी माया केलीस, एवढे वाद घातलेस, आणि निरोप काय, तर पूड.

तू गेल्यावर वहिनीनं प्रेस विकायचं ठरवलं. तिला तो डोळ्यांपुढं नको होता. दांडा फिरताना जो आवाज करायचा, तो तिच्या कानात बसलाय म्हणाली. पुण्याचं एक गिऱ्हाईक शुक्रवारी येऊन घेऊन जाणार, हेही ठरलं. तिच्यावर कोण काय बोलणार? तिचा संसार, तिचं दुःख. पण मला झोप लागेना. प्रेस गेला की मूठ गेली. मूठ गेली की दगडात पाणी होतं की नव्हतं, हे कायमचं अधांतरी. तुझ्यामागं माझ्याकडं एवढी एकच गोष्ट चालू राहिलेली होती, आणि ती शुक्रवारी तात्पुरती नाही, कायमची बंद होणार होती. मला वाटलं, हा वाद मिटेपर्यंत तू पुरता गेलेला नाहीस. वेडेपणा आहे, माहीत आहे मला.

सोमवारी शाळेतून आले. प्रार्थनेला माणसं येणार म्हणून वहिनीनं मला रवा भाजायला सांगितला होता. रवा भाजून बाजूला काढला. कढई तापलेलीच होती. मनात काय आलं कोण जाणे, मी शेडमध्ये जाऊन तुझ्या पुडीचा डबा आणला. तू उन्हात वाळवून, झाकण घट्ट लावून ठेवलेला. मूठभर पूड कोरड्या कढईत टाकली आणि वर पितळी झाकण ठेवलं, बापूशेठांनी परत आणलं होतं ना, ते वण पडलेल्या मुठीचं. थोड्या वेळानं झाकण उचललं.

आतल्या बाजूनं थेंब होते.

दादा, टपोरे थेंब. ओघळून कडेला येत होते. बोट लावून जिभेवर ठेवलं, साधं पाणी. मी कढईपुढं उभी राहून मोठ्यानं म्हटलं, 'बघ. आहे की नाही?' आणि मागं वळले. सवयीनं वळले. तिथं रव्याचा डबा होता.

वादात जिंकून एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. रवा तसाच ठेवला आणि ओट्याशी बसून रडले. तू गेल्याच्या दिवशी माणसांत नीट रडता आलं नव्हतं, ते सगळं तेव्हा बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी म्हादूला बोलावलं. थेंब यायचे थांबेपर्यंत पूड भाजली, गरम असतानाच राळेत मिसळली, रुळांमधून काढली, कुटली, साच्यात घातली. म्हादू दांड्याला लागला तेव्हा तो ओळखीचा आवाज आला आणि मला आत बसलेल्या वहिनीची काळजी वाटली. पण मूठ निघाली ती गुळगुळीत. एक फोड नाही. म्हादूनं ती हातात फिरवली, वर धरली, आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही. 'मालकांनी बघायला पायजे हुती,' एवढंच म्हणाला.

मी तर तोऱ्यातच होते. उरलेली भाजकी पूड परातीत तशीच ठेवून झोपायला गेले. सकाळी तिच्याच मुठी काढल्या, आणि दादा, सगळ्यांना फोड. पुन्हा पुऱ्या.

म्हादू माझ्याकडं बघतोय, मी परातीकडं बघतेय. रात्रभर झाकण न घालता ठेवलेली पूड. मी ती कढईत टाकली, झाकण ठेवलं, उचललं. पुन्हा थेंब. काल त्याच पुडीतलं पाणी मी पार काढून टाकलं होतं. दगड रात्रीतून हवेतलं पाणी प्यायला होता, उघड्या डब्यातल्या पापडासारखा. तेव्हा मला तुझं ते बोलणं आठवलं. पूड आत घे. सादळेल.

तू बरोबर होतास. म्हणजे मीही बरोबर होते. पाणी दगडाच्या आतच असतं, आणि ते हवेतूनच येतं. उन्हानं ते निघत नव्हतं, ही तुझी चूक. एकदा काढलं की गेलं, ही माझी. आपण दोघं एकाच दगडाच्या दोन बाजू धरून भांडत होतो. आणि तुझ्या त्या निरोपावर मी उगाच रागावले होते. तू शेवटपर्यंत वादच घालत होतास माझ्याशी. माझ्याशीच. याहून जास्त मी काय मागणार होते?

वहिनीला मी गुरुवारी सगळं सांगितलं. शेवटचे शब्दही सांगितले, खरे होते ते. ती पदराशी चाळा करत ऐकत होती. मग म्हणाली, 'वन्सं, मला वाटलंच हुतं. तुमी "शांत होते" म्हणालात तवाच वाटलं, हे काय खरं न्हाई. हे कधी गप बसल्यात का?' ती बेलापूरची, मनातलं बोलायला लागली की तिचं बोलणं माहेरच्या वळणावर जातं. तू गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पुण्याचं गिऱ्हाईक आलं. ओसरीवर बसलं, प्रेसचं वजन विचारू लागलं. वहिनीनं त्याला थांबा म्हटलं आणि माझ्याकडून नवी मूठ मागून घेतली. मोरीत गेली. चिंच भिजत घातलेलीच होती, म्हणजे तिनं आधीच ठरवलं होतं. काथ्यानं मूठ घासली, अशी घासली की जुनं वैर असावं. धुतली. पुन्हा चिंच लावली, तशीच ठेवली, पुन्हा धुतली. मग लिंबू चिरलं, मुठीवर पिळलं, आणि दादा, तिनं कान लावला. त्या दारातून आपल्याला वेडं समजून बघून गेलेल्या वहिनीनं.

बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, 'काई बोलत न्हाई ही.'

बाहेर येऊन गिऱ्हाइकाला म्हणाली, 'चहा घ्या. एवढ्या लांबून आलात. प्रेस द्यायचा नाही.' ते बिचारं माझ्याकडं बघायला लागलं. मी त्याला साखर किती विचारली.

दुपारी बापूशेठ मूठ घेऊन गेले. दसऱ्याला अजून अवकाश आहे, म्हादू म्हणतो, तोवर त्यांच्या झाकणांपुरत्या मुठी होऊन जातील. संध्याकाळी वहिनी शेडमध्ये आली. तू असताना ती उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. म्हादू सिगडीवर पूड भाजत होता, मी चाळत होते. तिनं नुसत्या राळेची ती जुनी तडकलेली मूठ फळीवरून उचलली, तू मला दिली होतीस ती. इकडून तिकडून बघितली.

'वन्सं, नुसती राळ तडकते, न् दगड घातला की तीच राळ धरून ऱ्हाते. असं का हो?'

मला उत्तर येत होतं, दादा. ओठांवर होतं.

'तुम्हाला काय वाटतं?' मी म्हटलं.

ती चिडली. मला कळलं ती चिडली, मीही अशीच चिडायचे. मग मूठ हातात फिरवत विचार करू लागली. कपाळाला आठ्या, ओठ दाबलेले. इतक्या दिवसांत तिचा चेहरा मी असा, दुःख सोडून दुसऱ्या कशात तरी गुंतलेला, पाहिला नव्हता.

'मला वाटतं,' ती सावकाश म्हणाली, 'राळेला एकटीला धरायला काई नसतं. म्हणून आकसती. दगड दिला की त्याला धरून बसती.'

'तसं नाही वहिनी,' मी म्हटलं. 'दगड आकसत नाही. म्हणून तो राळेलाही आकसू देत नाही.'

'तेच तर म्हनले मी.'

'तेच नाही. तुम्ही म्हणता राळ दगडाला धरते, मी म्हणते दगड राळेला अडवतो.'

'अवो, धरल्याबिगार अडवील कसा?'

म्हादूनं कढईतलं उलथनं थांबवून आमच्याकडं बघितलं. मी चाळण खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हटलं, 'वहिनी, बसा इथं. सांगते.'